पावलाला पाऊल

मी पिवळी झाले, ही बातमी मला माझ्या चपलेनं दिली.

साठी ओलांडली की आता सरकारकडून घरी एक ‘तळवा’ येतो. कागदाएवढा पातळ, चपलेत नाहीतर बुटात चिकटवून टाकायचा. तुम्ही किती भरभर चालता, पाऊल किती लांब पडतं, डावं-उजवं सारखं पडतं का, एवढंच तो टिपतो. मग महिन्याच्या एक तारखेला सकाळी फोनवरून एक गोड आवाजाची बाई विचारते, "गेल्या महिन्यात आपल्याला विसरायला झाल्यासारखं वाटलं का?" आपण काय असेल ते सांगायचं. बाई, म्हणजे यंत्रच ते, तळव्याची टिपणं आणि आपलं उत्तर शेजारी शेजारी ठेवून रंग देते. हिरवा म्हणजे जा, खेळा. पिवळा म्हणजे मोठी तपासणी करून घ्या.

"वैजयंती मगदूम, आपला रंग पिवळा आहे. घाबरू नका," बाई म्हणाली.

घाबरू नका म्हटलं की माणूस घाबरतंच. मी पोह्यांची कढई तशीच गॅसवर ठेवून खुर्चीत बसले. समोर आमचे हे, म्हणजे अख्ख्या गावभागाचे मगदूम सर, शांतपणे पोह्यांतले शेंगदाणे वेचून खात होते. त्यांचं उत्तर आधीच देऊन झालं होतं. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेला माणूस, उत्तर ठरलेलं: "छे हो. ठणठणीत!" त्यांचा रंग हिरवा.

माझं उत्तर काय होतं? मी म्हणाले होते, "काय सांगू बाई, मेलं डोकंच चालत नाही हल्ली. चष्मा डोक्यावर असतो आणि शोधते घरभर."

आता तुम्हीच सांगा, आमच्याकडची कुठली बाई दुसरं काही सांगेल? बरं आहे म्हटलं की नजर लागते, हे आईच्या दुधाबरोबर प्यायलेलं. त्यामुळं गुडघा, कंबर, डोकं, काहीतरी एक दुखतं ठेवायचंच. पुरुषांचं उलट. अंगात ताप असला तरी "ठणठणीत". यंत्र बनवणाऱ्यांना ही आमची भाषा कुणी शिकवली नसावी.

पण पिवळा तो पिवळा. आणि माझं तर त्यावर सगळं अडलं. सांगलीत गावभागात माझं मेडिकल आहे, लग्नानंतर दोनच वर्षांत सुरू केलेलं. नियम असा की पिवळ्या रंगाच्या औषधविक्रेत्यानं तपासणीतून मोकळं होईपर्यंत काउंटरला उभं राहायचं नाही. नियम बरोबरच आहे, चुकीची गोळी गेली तर माणूस जातं. दुसऱ्या कुणाला लागू झाला असता तर मीच कौतुक केलं असतं. आता दुकान माझ्या हाताखाली तयार झालेल्या नसीमावर सोपवून मी घरी बसले, आणि घर मला खायला उठलं.

हे यंत्र चालण्याचा आणि विसरण्याचा संबंध का लावतं, ते थोडक्यात सांगते. चालणं हे पायांचं काम, असं आपण समजतो. पाय नुसते हमाल. पुढचं पाऊल कुठं टाकायचं, खड्डा आहे की सावली आहे, तोल किती सांभाळायचा, हे सगळं मेंदू ठरवतो, आणि तेही आपल्याला न विचारता. मेंदूतली ती जोडणी झिजायला लागली की पहिल्यांदा वेग उतरतो. माणूस नावं विसरायला लागतं त्याच्या कितीतरी आधी. नुसतं हळू चालण्याला काही अर्थ नाही, गुडघे असतील, साखर असेल, चप्पल सैल असेल. नुसतं विसरण्यालाही नाही, झोप नसेल, घोर लागला असेल. पण वेगही उतरलाय आणि माणूस स्वतःहून म्हणतंय की माझं विसरणं वाढलंय, असं दोन्ही एकत्र दिसलं, तर पुढं स्मृतिभ्रंशाचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त. धोका म्हणजे आजार नव्हे. आभाळ आलं म्हणजे पाऊस पडलाच असं नाही, पण वाळवण आत घ्यावं.

आणि आता वाळवण आत घेता येतं, एवढाच काय तो फरक. सुरुवातीच्या काही वर्षांत हाती लागलं तर औषध आहे, ठेक्यावर भरभर चालायचा सराव आहे. उतार सपाट होत नाही, पण घसरण फार हळू होते. उशीर झाला की मग औषध नुसतं पोटात जातं.

मुलाचा, सन्मतीचा, कोइमतूरहून फोन आला. "आई, मिरजेला तपासणी करून घे बघू आधी. आणि एकटी जाऊ नको, बाबांना घेऊन जा." हे लगेच तयार झाले. पण त्या दिवशी ह्यांच्या जुन्या विद्यार्थ्याच्या मुलाचं लग्न निघालं, आणि मी एकटीच गेले.

तिथं एक लांबलचक व्हरांडा होता, खाली पट्टी अंथरलेली. सिस्टर म्हणाल्या, "काकू, तुमच्या नेहमीच्या चालीनं जायचं." मी निघाले. नेहमीच्या चालीनं म्हणजे दुकानात गिऱ्हाईक खोळंबलंय आणि औषध मागच्या फडताळात आहे, तशी. टोकाला जाऊन परत आले तर सिस्टर पडद्याकडं बघत राहिलेल्या. मग म्हणाल्या, "आता चालता चालता महिने उलटे म्हणायचे." फाल्गुन, माघ, पौष करत मी परत आले. त्यांना बिचाऱ्यांना डिसेंबर, नोव्हेंबर हवे होते. तेही म्हणून दाखवले.

डॉक्टर तांबोळी माझ्या मुलाच्या वयाच्या असतील. त्यांनी दोन आलेख शेजारी लावले. "काकू, गंमत आहे. इथं तुम्ही पन्नाशीच्या बाईसारख्या चालताय. आणि घरचा तळवा सांगतोय, पंच्याहत्तरीच्या माणसासारख्या. तळवा बिघडलेला नाही, मी बघितलं. रोज फिरायला कुणाबरोबर जाता?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला.

मी कुणाबरोबर चालते? लग्न झाल्यापासून मी एकाच माणसाबरोबर चालते. बरोबर कसली, मागं. सरांची चाल म्हणजे शाळेची घंटा झाल्यासारखी. लग्नानंतर पहिल्यांदा नेमिनाथनगरला ह्यांच्या मावशीकडं निघालो, तर हे कोपऱ्यावरून वळून दिसेनासे झाले आणि नव्या शालूतली मी रस्ता विचारत विचारत पोचले. मागं वळून बघायची रीतच नाही. सासूबाई म्हणायच्या, "सूनबाई, तू ह्याच्याशी लग्न केलंयस की शर्यत लावलीयास?" पिशव्या घेऊन, पोर काखेत घेऊन, मी आयुष्यभर ह्यांच्या मागून धावले. त्यांच्या पावलाला पाऊल लावायची सवयच पायात मुरली.

आणि मग दोनेक वर्षांपूर्वी हे हळू झाले. खाली बघून, जपून पाऊल टाकायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, "अगं, मुंग्या असतात. पायाखाली जीव यायला नको." आमच्या जैन घरात हे कुणाला खटकणार? महाराज लोक चार हात पुढची जमीन बघून चालतात, ते आम्ही लहानपणापासून बघत आलोय. बस्तीतल्या, म्हणजे आमच्या जैन मंदिरातल्या, बायका मला म्हणाल्या, "सरांच्यात वयानं धर्म आला हो." आणि मी? मला वाटलं, धर्म वगैरे ठीक आहे, पण ह्या माणसाला उतारवयात का होईना, बायकोची कदर आली. माझ्यासाठी हळू झाले. मी पहिल्यांदा त्यांच्या शेजारून चालत होते, बोलत होते, आणि ते ऐकत होते. ती दोन वर्षं मी फार सुखात होते.

"काकू?" डॉक्टर म्हणाल्या.

"एकटीच," मी म्हणाले. "एकटीच जाते फिरायला."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. बहुतेक त्यांना समजलं होतं. "एकट्या जात असाल तर मी रंग बदलू शकत नाही. घरचा वेग का उतरलाय, त्याचं कारण मला लिहावं लागतं. पण समजा, कुणी जोडीला असेल आणि हा वेग त्या माणसाचा असेल, तर त्यांना घेऊन या. लवकर या. हीच वर्षं मोलाची असतात."

खोटं का बोलले, ते सांगायला हवं. माझे सासरे, अप्पा, शेवटची सहा वर्षं कुणाला ओळखत नव्हते. पोटच्या पोराला हात जोडून म्हणायचे, "मास्तर, मला माझ्या घरी सोडता का?" अप्पा गेले, त्यानंतर एक दिवस हे नदीच्या घाटावर बसून मला म्हणाले, "वैजू, मला असं व्हायला लागलं तर मला सांगू नकोस. कळून झुरण्यापेक्षा न कळता गेलेलं बरं. शब्द दे." मी दिला. तेव्हा औषध नव्हतं. सांगून फक्त दुःखच होणार होतं, म्हणून देताना जड गेलं नाही. आता औषध होतं, आणि शब्दही होता. शब्द पाळला तर सरांची वर्षं जाणार, मोडला तर माझ्यावरचा सरांचा भरवसा. दुकानाचं मग मला काहीच वाटेनासं झालं. राहीन पिवळी.

घरी आले तर सर माझी काळजी घ्यायला सज्ज होऊन बसलेले.

"काय म्हणाल्या डॉक्टर?"

"रंग तसाच. पुढच्या महिन्यात बघू म्हणाल्या."

"होईल बरं. मी हाय की," ते म्हणाले, आणि उठून त्यांनी मला चहा करून दिला. लग्नानंतर पहिल्यांदा. चहात साखर दोनदा पडली होती. मी तो सगळा प्यायले.

दुसऱ्या दिवसापासून माझी शाळा सुरू झाली. "मेंदूला व्यायाम पाहिजे," सर म्हणाले. सकाळी उठल्या उठल्या प्रश्न. "सांग बघू, आज वार कुठला?" मी सांगायची. "शाब्बास." जेवताना, "सन्मतीच्या धाकटीचं नाव काय?" "स्वरा." "शाब्बास." सूर्य मावळायच्या आत जेवण आटोपून आम्ही अंगणात बसायचो, तेव्हाही तेच. शेजारची बाई हसून जय जिनेंद्र करून गेली की हळूच, "ह्या कोण, सांग?" मला आधी हसू यायचं, मास्तरकी काही सुटत नाही म्हणून. नवरा आपल्यासाठी एवढं करतोय म्हणून बरंही वाटायचं. मिरजेहून एवढं समजून आले होते तरी, वेडी मी, बरं वाटायचं.

मग एका सकाळी फिरून परतताना, गणपतीच्या देवळाच्या पुढं जिथं दोन बोळ फुटतात, तिथं सर थांबले. एक बोळ घराकडं जातो, दुसरा त्यांच्या जुन्या शाळेकडं. "हं, आता सांग," ते म्हणाले, "आपलं घर कुठल्या बोळात?" आवाज नेहमीचाच, परीक्षेचा. पण त्यांचा हात माझ्या दंडावर होता आणि तो हात घाबरलेला होता.

मी डावीकडं बोट दाखवलं. "शाब्बास," ते म्हणाले, आणि त्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात. पण मला तरीही आरसा हवा होता. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. सरांनी पोहे खाता खाता विचारलं, "आज वार कुठला?"

मी म्हणाले, "सोमवार."

"शाब्बास," सर म्हणाले.

मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि त्या आवाजात रडून घेतलं. इतके दिवस ते माझी परीक्षा घेत नव्हते. उत्तरं विचारून घेत होते.

म्हणजे त्यांना काहीतरी कळत होतं. ज्याला काहीच कळत नाही, तो माणूस एवढं सोंग करत नाही. हे माझ्या डोक्यात आलं आणि त्यानंतर मला जरा शांत वाटलं. जे कळू नये म्हणून त्यांनी शब्द घेतला होता, ते अर्धंमुर्धं कळून ते एकटेच झुरत होते. माझा शब्द कुणालाच वाचवत नव्हता. तरीही तो मोडायला जीभ उचलेना. चार-दोन वेळा सुरुवात केली आणि भाजीचं काहीतरी बोलून गप्प बसले.

महिनाअखेरीला आम्ही नेहमीसारखे आयर्विन पुलावर गेलो. आता त्यावरून गाड्या जात नाहीत, नुसती चालणारी माणसं असतात. सर खाली बघत, जपून. मी शेजारी. पुलाच्या तोंडाशी मी म्हणाले, "अहो, मी जरा पुढं होते हां."

आणि चालायला लागले. माझ्या चालीनं. पहिली दहा-वीस पावलं फार अवघड गेली, पाय आपोआप मागं रेंगाळत होते. मग सुटले. कृष्णेवरचा वारा पदरात भरला आणि मला लाज वाटली की बरं वाटतंय. मागं वळून बघितलं नाही. ते शिक्षण मला चांगलं मिळालेलं होतं. पुलाचं टोक आलं तेव्हा कठड्याला धरून वळले.

सर अजून अर्ध्यात होते. ते खाली बघत नव्हते. माझ्याकडं बघत उभे होते.

मग ते चालू लागले. मी थांबून राहिले. मला धावत जाऊन त्यांचा हात धरावासा वाटत होता, पण गेले नाही. ते आले, कठड्याजवळच्या बाकावर बसले, रुमालानं कपाळ पुसलं.

"दोन माणसं एकाच वेळी एकाच ठिकाणाहून निघाली," सर नदीकडं बघत म्हणाले. फळ्यासमोर उभे राहून बोलायचे तसा आवाज. "एक टोकाला पोचलं, तेव्हा दुसरं अर्ध्यात होतं. आता तीच दोन माणसं रोज जोडीनं चालतात आणि दोघांचा वेग सारखाच भरतो. तर रोजचा वेग कुणाचा?"

मी बाकावर त्यांच्या शेजारी बसले.

"सांगू नकोस," ते म्हणाले. "मीच म्हणालो होतो, सांगू नकोस म्हणून. ते आहे माझ्या लक्षात." त्यांनी रुमालाची घडी घातली. "चूक माझी आणि अंगठे धरून उभी तू. दुकान सोडून महिनाभर. का गं?"

"शब्द दिला होता."

"मी मूर्खासारखा मागितला, आणि तू शहाणी असून दिलास. अप्पांसारखं होणार का गं माझं?"

"अप्पांच्या वेळी औषध नव्हतं. आता आहे. पण लवकर जायला पाहिजे. मी विकलंय ते औषध, लोकांना लागू पडलेलं बघितलंय."

त्यांनी मान हलवली. खालून पाणी शांत चाललं होतं. मला राहवेना, मी विचारलंच. "ते मुंग्यांचं खरं होतं का हो?"

"पहिल्यांदा नव्हतं. पाऊल नीट पडेना म्हणून खाली बघायचो. काहीतरी सांगायला पाहिजे, म्हणून मुंग्या." ते किंचित हसले. "मग बघायला लागलो तर खरंच असतात की. केवढ्या असतात."

"आणि मला वाटलं, माझ्यासाठी हळू झालात."

हे मी बोलायला नको होतं. पण दोन वर्षं पोटात जपलेलं सुख होतं ते, जाता जाता एकदा त्याचं नाव तरी घ्यावंसं वाटलं.

सरांनी माझ्याकडं नीट बघितलं. "वेग उतरला तो आजारानं," ते म्हणाले. "पण उतरला म्हणून तू शेजारी आलीस. तू इतकं बोलतेस, हे मला आधी कुठं ठाऊक होतं? तेवढं मात्र आजारात धरू नकोस."

आम्ही परत निघालो. बोळाच्या फाट्यावर ते थांबले आणि त्यांनी परीक्षा घेतली नाही. "कुठला गं?" म्हणून सरळ विचारलं. मी सांगितलं.

एक तारखेला सकाळी फोन वाजला. पोहे झाले होते. सरांनी ताटली बाजूला सारली आणि खुर्चीत ताठ बसले, वर्गात साहेब तपासणीला आल्यासारखे.

"गेल्या महिन्यात आपल्याला विसरायला झाल्यासारखं वाटलं का?" बाईनं विचारलं.

"ठ—" सर म्हणाले आणि थांबले. इतक्या वर्षांचा शब्द, तोंडात तयारच होता. त्यांनी टेबलावरून हात पुढं केला. मी धरला.

"होय," ते म्हणाले. "विसरतो. वार विसरतो. घराचा बोळ विसरतो. नातीचं नाव हिला विचारतो. बरेच दिवस झाले, सांगितलं नव्हतं."

"आपली नोंद घेतली आहे. सुकुमार मगदूम, आपला रंग पिवळा आहे. घाबरू नका."

"नाही घाबरत," सर यंत्राला म्हणाले.

मग बाई माझ्याकडं वळली. तोच प्रश्न, तोच गोड आवाज. मिरजेची वेळ मी आधीच घेऊन ठेवली होती. ह्यांचे बूट दाराशी पुसून ठेवले होते. पुढं काय काय असेल, ते सगळं मला दिसत होतं, आणि ते सगळं लक्षात ठेवायला घरात आता एकजण तरी धडधाकट लागणार होतं.

जन्मात पहिल्यांदा, नजर लागायची ती लागो म्हणून, मी म्हणाले, "ठणठणीत."